तीन-अष्टमांश जोडीदार : अहमदाबादच्या एका विणकाम खात्यातील कामाची फेररचना

१९५२ साली अहमदाबादच्या कॅलिको मिल्सने आपल्या जुबिली मिलमधील एका शेडमध्ये स्वयंचलित माग बसवले. माग नवे होते, कोणत्या कामाला किती वेळ लागतो याचा अभ्यास करून घेतलेला होता, कोणी काय करायचे आणि किती मागांवर करायचे हेही त्या अभ्यासातून ठरले होते, आणि त्याबरहुकूम माणसे नेमलेली होती. तरीही शेड म्हणावी तशी चालेना. मागांची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास अडकून पडली होती आणि सदोष कापडाचे प्रमाण सरासरी ३२ टक्के होते. पुढच्या वर्षी, म्हणजे १९५३ मध्ये, लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे ए. के. राइस सल्लागार म्हणून या गिरणीत आले. त्यानंतर जो बदल झाला त्यात माग तेच राहिले. बदलली ती माणसांमधली कामाची वाटणी. साधारण ६० कामाच्या दिवसांनंतर कार्यक्षमता ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापड २० टक्क्यांवर आले. शेडच्या ज्या भागात जुनी वाटणी तशीच चालू होती, तिथले आकडे अखेरपर्यंत सुधारले नाहीत.

व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या प्रकरणाला बहुधा एक परिच्छेद मिळतो, आणि ‘गटाने काम केल्यास उत्पादन वाढते’ असे सांगून तो संपतो. मला हे प्रकरण फार मोलाचे वाटते, पण त्याचे कारण वेगळे आहे. कामाच्या ठिकाणी दोन माणसांचे पटत नसेल तर आपण आधी त्यांच्या स्वभावाकडे बोट दाखवतो, मग त्यांना समज देतो, फारच झाले तर एखादे प्रशिक्षण शिबिर ठेवतो. या शेडमधली नाती मात्र माणसे कामावर हजर होण्यापूर्वीच, कामाची आखणी झाली त्या कागदावर, बिघडलेली होती. ती कशी बिघडली हे आकड्यांनिशी दाखवता येते, आणि अशी संधी या विषयात क्वचितच मिळते.

गिरणी, मालक आणि मजूर

कॅलिको ही साराभाई घराण्याची गिरणी. १९१८ च्या अहमदाबादच्या संपात मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूला गांधीजींबरोबर अंबालालांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन होती. त्या संपातूनच पुढे १९२० मध्ये मजूर महाजन संघ उभा राहिला. मालक आणि कामगार यांच्यातला तंटा लवादाकडे नेऊन सोडवायचा ही रीत अहमदाबादेत रुजली ती तेव्हापासून. अंबालालांचे चिरंजीव गौतम साराभाई कंपनीची धुरा वाहत असताना राइस तेथे आले. त्याच घराण्यातील विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था स्थापन झाली होती आणि तिच्यात धागा, कापड व यंत्रे यांच्याबरोबर कामगारांच्या मानसिकतेचाही अभ्यास होत असे. सांगायचा मुद्दा असा, की बाहेरच्या अभ्यासकाने शेडमध्ये शिरून कामाची वाटणी मोडावी आणि त्याला मालकाने व कामगारांनी दोघांनीही वाव द्यावा, अशी जमीन या शहरात आधीच तयार होती. हे पाठबळ नसलेल्या कारखान्यात हाच प्रयोग पहिल्या आठवड्यातच बंद पडला असता, असे मला वाटते.

टॅव्हिस्टॉकच्या मंडळींच्या हाताशीही एक ताजा अनुभव होता. एरिक ट्रिस्ट आणि स्वतः खाणीत काम केलेले केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडमधील कोळसा खाणींबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला होता. पूर्वी खाणीत दोन-चार जणांची टोळी कोळसा पाडण्यापासून तो भरण्यापर्यंतचे सगळे काम मिळून करीत असे. यंत्रे आल्यावर तेच काम तीन पाळ्यांत तुकडे करून वाटले गेले, आणि मग एका पाळीची चूक दुसऱ्या पाळीच्या माथी येऊ लागली, गैरहजेरी वाढली, एकमेकांवर दोष ढकलणे नित्याचे झाले. यंत्रे आणि माणसे यांची मांडणी एकत्रच करावी लागते, आधी यंत्रांची करून उरलेल्या जागेत माणसे बसवता येत नाहीत, हा विचार तिथून पुढे आला होता.

बारा हुद्दे

शेडमध्ये काय चालले होते ते समजण्यासाठी मागाची थोडी ओळख हवी. कापडातले उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. ताणा बीम नावाच्या रुळावर गुंडाळलेला असतो, आणि बाण्याच्या सुताची कांडी पोटात घेऊन धोटा या कडेहून त्या कडेला धावतो. साध्या यंत्रमागावर धोट्यातली कांडी संपली की विणकर माग थांबवतो, रिकामी कांडी काढून भरलेली घालतो आणि माग पुन्हा सुरू करतो. ताण्याचा धागा तुटला की तोच सांधतो. अशा मागांवर एका विणकराकडे सहसा दोन माग असत, आणि त्या दोन मागांवर जे कापड निघे ते त्याचे असे. ते चांगले निघाले तर श्रेय त्याचे, बिघडले तर बोलणीही त्यालाच. स्वयंचलित मागाला बाजूला कांड्यांची एक फिरती चकती असते, तिला बॅटरी म्हणतात. धोट्यातली कांडी संपत आली की एक स्पर्शयंत्रणा ते ओळखते आणि बॅटरीतली नवी कांडी माग चालू असतानाच आत ढकलली जाते. विणकराचा कांडी बदलण्याचा वेळ वाचतो. हा वाचलेला वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याच्याकडे जास्त माग द्यायचे आणि बाकीची कामे वेगवेगळ्या माणसांकडे सोपवायची, हे त्यानंतर ओघानेच आले.

शेडमध्ये २२४ माग होते. त्यांवर ८ विणकर होते. कोणाकडे २४ माग, कोणाकडे ३२. त्यांनी तुटलेले धागे सांधायचे आणि माग चालू ठेवायचे. बॅटऱ्यांत कांड्या भरायला ५ जण होते. धोटा मध्येच अडकून ताण्याचे एकदम पुष्कळ धागे तुटले, की ते निस्तरण्यासाठी ३ जण होते. गिरणीत त्यांना स्मॅश-हँड म्हणत. ताण्याचा बीम संपला की नवा चढवणारे २, मागांची दुरुस्ती-जुळणी पाहणारे जॉबर २, साहाय्यक जॉबर २. आणि शेवटी सगळ्या शेडला मिळून एकेकच असलेली माणसे: विणलेले कापड उचलून नेणारा, बॉबिन म्हणजे भरलेल्या कांड्या आणून देणारा, स्पर्शयंत्रणेचा फिटर, तेलवाला, झाडूवाला आणि हवेतला दमटपणा राखणाऱ्या यंत्रणेचा फिटर. असे बारा हुद्दे आणि अठ्ठावीस माणसे. त्या सगळ्यांवर एक सुपरवायझर.

कागदावर या वाटणीत काहीच खोट काढता येत नाही. प्रत्येकाच्या कामाचा भार मोजलेला आहे, कोणीही रिकामा बसलेला नाही, आणि कोणाच्याही कामाची व्याख्या संदिग्ध नाही. आजही एखाद्या सल्लागार कंपनीने असा तक्ता समोर ठेवला तर बहुतेक व्यवस्थापक मान डोलावतील.

पण आता त्यातल्या एका विणकराच्या जागी उभे राहून पाहू. ८ विणकरांना बॅटरी भरणारे ५, म्हणजे त्याच्या वाट्याला बॅटरी भरणारा येतो तो पाच-अष्टमांश. स्मॅश-हँड तीन, म्हणजे तीन-अष्टमांश. बीम चढवणारा पाव आणि बॉबिन आणणारा एक-अष्टमांश. त्याचा माग चालू राहणार की नाही हे या सगळ्यांच्या हातात आहे, पण यांपैकी एकही माणूस पुरता त्याचा नाही. उलट बाजूने पाहिले तर स्मॅश-हँडकडे साधारण ७५ माग आहेत, म्हणजे त्याला दोन-तीन विणकर एकाच वेळी हाका मारू शकतात, आणि त्यांतल्या कोणाकडे आधी जायचे हे ठरवण्याची रीत कोणीच लावून दिलेली नाही. बॅटरी भरणाऱ्याच्या मागांची हद्द विणकराच्या हद्दीशी जुळत नाही, स्मॅश-हँडची हद्द त्या दोघांशीही जुळत नाही. एकाच जमिनीच्या तुकड्यावर बारा वेगवेगळ्या मोजण्या व्हाव्यात आणि एकाचाही बांध दुसऱ्याच्या बांधावर येऊ नये, तसे हे होते.

भार मोजलेला, पण कशावर?

कामाचा भार ठरवताना धागा सरासरी किती वेळा तुटतो, कांडी किती वेळ पुरते, बीम किती दिवसांनी संपतो, हे धरून चालावे लागते. गिरणीत मात्र कापडाचा प्रकार, ज्याला गिरणीच्या भाषेत सॉर्ट म्हणतात, तो बदलत राहतो, आणि सॉर्ट बदलला की हे सगळे हिशेब एकाच दिशेने सरकत नाहीत. बाण्याला जाडे सूत आले की कांडीवर त्याची लांबी कमी मावते, कांडी लवकर संपते, बॅटरी भरणाऱ्याची धावपळ वाढते, आणि विणकराला मात्र त्यामुळे फारसा फरक पडत नाही. ताण्याला बारीक किंवा कच्चे सूत आले तर उलट घडते: धागे सारखे तुटतात, विणकर एका मागावरून दुसऱ्या मागावर पळत राहतो, आणि त्याच वेळी मागे बंद पडलेल्या मागांच्या कांड्या संपत नसल्यामुळे बॅटरी भरणाऱ्याला उसंत मिळते. हवा कोरडी झाली की धागे तुटण्याचे प्रमाण वाढते, आणि त्याची झळ ज्याला बसते तो विणकर दमटपणाच्या यंत्राला हात लावू शकत नाही.

मग एखाद्या दुपारी काय होत असेल ते डोळ्यांसमोर आणा. विणकर घामाघूम होऊन धागे सांधतो आहे आणि त्याला समोर बॅटरी भरणारा खांबाला टेकून उभा दिसतो. त्याने दोन धागे सांधायला हात लावावा, असे विणकराला वाटते; पण ते त्याचे काम नाही, त्याला त्याचे पैसे नाहीत, आणि तो ज्या तीन विणकरांच्या मागांना कांड्या पुरवतो त्यांपैकी एकालाच मदत केली तर उरलेले दोघे विचारणार. आठवडाभराने सॉर्ट बदलतो आणि खांबाला टेकायची पाळी विणकराची येते. यातला एकही माणूस आळशी नाही, भांडखोर नाही. दोघेही आपापले काम चोख करत आहेत, आणि तरीही एकमेकांबद्दल मनात धरून बसायला दोघांनाही दररोज नवे कारण मिळते आहे.

अशा वेळी तक्रार जाते ती सुपरवायझरकडे. अठ्ठावीस माणसे आणि बारा हुद्दे यांच्यामध्ये आपसांत बोलून सोडवण्यासारखी एकही पायरी नसल्यामुळे प्रत्येक लहानसहान अडचण थेट त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि तो दिवसभर या मागाकडून त्या मागाकडे, या माणसाकडून त्या माणसाकडे धावत राहतो. त्याची खरी कामे, म्हणजे सूत वेळेवर आणि नीट मिळते आहे का, हवा योग्य आहे का, पुढचा सॉर्ट कोणता येणार आहे हे पाहणे, ती बाजूलाच राहतात. अहमदाबादच्या त्या शेडमध्ये कामगारांचे काम तुकड्यातुकड्यांत वाटलेले होते आणि ते तुकडे सांधण्याचे काम एकट्या सुपरवायझरवर पडले होते.

फेररचना

राइस यांनी सुचवलेली कल्पना एका वाक्यात सांगता येते: मागांचा एक गट, आणि त्या गटाला माणसांचा एक गट. मागांचे ठरावीक जथे पाडायचे आणि प्रत्येक जथ्याची विणाई, कांड्या भरणे, बीम चढवणे, नेहमीची निगा, हे सगळे मूठभर माणसांच्या एकाच गटाने आपसांत वाटून घेऊन करायचे. गटाचा म्होरक्या गटातलाच. सुपरवायझरने गटाशी बोलायचे ते त्याच्यामार्फत.

ही कल्पना राइस यांनी आधी व्यवस्थापकांसमोर व मग सुपरवायझर आणि कामगारांसमोर मांडली, आणि पुढे जे झाले ते त्यांनाही अनपेक्षित होते. तपशिलाची योजना वरून यायची वाट न पाहता कामगारांनीच आपापले गट जमवायला सुरुवात केली. हा भाग मी प्रत्येक वेळी थांबून वाचतो. या माणसांना कोणी व्याख्यान दिले नव्हते, प्रेरणेचा एकही सिद्धान्त समजावून सांगितला नव्हता. आपल्या कामात काय चुकते आहे हे त्यांना रोज आठ तास दिसत होते, आणि ते दुरुस्त करण्याची मुभा मिळताच त्यांनी ते लगेच हाती घेतले. कामगारांना बदल नको असतो, ही तक्रार आपण सर्रास ऐकतो. या शेडमध्ये बदल मालकापेक्षा कामगारांनी लवकर उचलला.

राइस यांच्या विचाराला तीन आधार होते. ज्या माणसांनी काम करायचे त्यांना ते काम पुरे होताना दिसले पाहिजे. ते कसे करायचे यावर त्यांचा ताबा पाहिजे. आणि एकमेकांवर अवलंबून असलेली कामे अशी जोडली पाहिजेत की ती करणाऱ्यांचे एकमेकांशी धड नाते जमू शकेल. याला जोडून त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, ज्यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो पण ज्या माझ्या मते जास्त उपयोगाच्या आहेत. पहिली अशी, की गटातल्या माणसांच्या कौशल्यात फार मोठी तफावत असू नये आणि दर्जा व पगार यांतील अंतर कमी असावे, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचे काम कळते आणि वेळ पडल्यास त्याला हातही लावता येतो. दुसरी अशी, की ज्याचे गटात जमत नाही त्याला त्याच प्रकारचे काम करणाऱ्या दुसऱ्या गटात जाता आले पाहिजे. गटाने काम करण्याचे गोडवे गाणारे लोक ही दुसरी गोष्ट हटकून विसरतात. ज्या गटातून बाहेर पडायला वाट नाही तो गट नको झालेल्या माणसाला जाचक होतो, हे आपल्याकडे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

पहिल्या काही आठवड्यांत आकडे स्थिर नव्हते. ते वर जात आणि पुन्हा घसरत. नव्या घरी राहायला गेल्यावर भांडी लागायला वेळ लागतो तसेच ते होते, आणि त्या चढउताराला घाबरून गिरणीने प्रयोग गुंडाळला नाही हे गौतम साराभाई व त्यांच्या सहकाऱ्यांचे श्रेय आहे. हळूहळू आकडे स्थिरावले ते वर सांगितल्याप्रमाणे ९५ आणि २० वर.

या दोन आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. मागाची कार्यक्षमता ८० टक्के म्हणजे चालू शकणाऱ्या वेळापैकी पाचवा हिस्सा माग थांबून होता. ९५ टक्के म्हणजे विसावा हिस्सा. थांबलेला वेळ तीन-चतुर्थांशाने घटला. विणाई म्हणून मोजली तर वाढ १५ टक्क्यांची दिसते, पण ती ८० वरची १५ आहे, म्हणजे आधीच्या उत्पादनाच्या जवळजवळ एकोणीस टक्के. आणि त्याच वेळी सदोष कापड कमी झाले, हे जास्त महत्त्वाचे. नुसता वेग वाढवायचा असता तर धाकानेही वाढवता येतो, पण धाकाने वाढवलेला वेग कापडात दिसल्याशिवाय राहत नाही. वेग आणि दर्जा एकाच वेळी सुधारतात तेव्हा कोणीतरी थांबलेल्या मागाकडे लवकर जाते आहे आणि तुटलेला धागा वेळेवर पाहते आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. पूर्वीही माणसे होतीच. आता ‘हा माझ्या मागांपैकी आहे का?’ हा प्रश्न मध्ये येत नव्हता.

शंका

या प्रकरणाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९६९ मध्ये एस. के. रॉय यांनी राइस यांच्या अभ्यासपद्धतीची फेरतपासणी केली आणि सुधारणेचे श्रेय केवळ गटरचनेला देता येईल का, असा प्रश्न उभा केला. नव्या व्यवस्थेत उत्पादनानुसार मिळणाऱ्या मोबदल्याचाही भाग होता. मग माणसे गटामुळे नीट काम करू लागली की पैशामुळे? शिवाय परदेशातून आलेला अभ्यासक आणि खुद्द मालक रोज आपल्या शेडकडे लक्ष देत आहेत, यानेही काही दिवस उमेद वाढते.

ही शंका रास्त आहे, आणि पैशाचा वाटा नाकारणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गिरणी कामगाराच्या घरी पगाराच्या दिवशी काय हातात येते याला सिद्धान्तापेक्षा जास्त वजन असते. पण पैसा आणि कामाची रचना या दोन गोष्टी वेगळ्या काढून तोलता येतात, असे मला वाटत नाही. जुन्या वाटणीत विणकराला जास्त पैसे देऊ केले असते तरी त्याचे तीन-अष्टमांश स्मॅश-हँडवर काहीच चालले नसते. ज्याच्या हातात फळ आणण्याचे साधनच नाही त्याला फळाचे आमिष दाखवून उपयोग होत नाही. गट झाल्यावर ते साधन हातात आले आणि मग मोबदल्याला अर्थ आला, असे मी या आकड्यांवरून समजतो.

आमच्याकडे, मुंबईच्या गिरणगावात, याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाला एका माणसाकडे जास्त माग देण्याच्या योजनाही कारण झाल्या होत्या. कामगारांची भीती सरळ होती: तीन माग एकाने चालवायचे म्हणजे कोणाची तरी भाकरी जाणार. अहमदाबादच्या प्रयोगाने ही भीती खोटी ठरवली असे मी म्हणणार नाही. त्याने एवढेच दाखवले, की जास्त माग दिल्यानंतरही काम माणसाला धरून वाटता येते.

त्याच १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक गोष्ट ठामपणे मांडली होती, जी गटांचा विचार करताना मी नेहमी लक्षात ठेवतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत. जुन्या धोट्यात धागा ओवण्यासाठी त्याला तोंड लावून धागा ओढून घ्यावा लागे, आणि त्या उष्ट्याच्या निमित्ताने जास्त पगाराचे संपूर्ण खातेच एका समाजाला बंद झाले होते. कामातली एक बारीकशी कृती माणसामाणसांत केवढी भिंत उभी करू शकते, याचे याहून कठोर उदाहरण मला माहीत नाही. स्वयंचलित मागाच्या धोट्यात धागा आपोआप ओवला जातो, म्हणजे ती कृती यंत्राने काढून टाकली, निमित्त गेले. पण निमित्त गेल्याने मन बदलतेच असे नाही. म्हणून कामगारांनी आपले गट आपणच निवडावेत ही मुभा मला जितकी प्रिय आहे, तितकीच तिच्यावर एक नजर हवी असेही वाटते: आपल्या मर्जीने जमलेला गट आपल्याच वाडीचा, आपल्याच जातीचा होऊन बसला, तर बाहेर राहिलेल्याला न्याय देणे हे व्यवस्थापनाचे काम आहे, ते त्याने गटावर सोडून मोकळे होऊ नये.

सतरा वर्षांनंतर

१९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर या गिरणीत पुन्हा गेले. अशा प्रयोगांच्या बाबतीत हे दुर्मिळ आहे. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे चांगले आकडे छापले जातात आणि पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. मिलर यांना दिसलेले चित्र संमिश्र होते. काही ठिकाणी गटपद्धत आणि तिचे फळ दोन्ही टिकून होते, तर काही ठिकाणी ती पुष्कळशी विरून काम जुन्या वळणावर गेले होते. त्यांनी याचे कारण कामगारांच्या स्वभावात शोधले नाही. बाजार, कापडाच्या मागण्या आणि व्यवस्थापनाचा रेटा हे मधल्या काळात बदलले होते, आणि हा बाहेरचा बदल गटांपर्यंत कसा पोहोचू दिला गेला यावर त्यांचा रोख होता.

मला यात सुपरवायझरची जागा सर्वांत कळीची वाटते. गटरचनेत कामगारांपेक्षाही त्याचे काम जास्त बदलते. पूर्वी तो अठ्ठावीस जणांना सांगत फिरे. आता गटाच्या आतल्या कामात त्याने पडायचे नाही आणि गटाला लागणाऱ्या गोष्टी, सूत, सुटे भाग, हवा, सॉर्ट बदलण्याची आगाऊ सूचना, या बाहेरून आणून द्यायच्या. हे काम नीट केले तर कोणाच्या नजरेत भरत नाही. वरून दडपण आले, एखादी ऑर्डर घाईची आली, की त्याचा हात आपोआप गटाच्या आत जातो: ‘तू जरा इकडे ये, तू तो माग बघ.’ असे आठवड्यातून दोनदा झाले की म्होरक्या नावापुरता उरतो. गट मोडल्याची घोषणा कोणी करत नाही, पण गट मोडलेला असतो.

नंतरच्या काळात या विषयावर जे लिहिले गेले त्यात १९७० च्या दशकातील हॅकमन आणि ओल्डहॅम या कामाच्या रचनेच्या अभ्यासकांची मांडणी सर्वांत जास्त शिकवली जाते: कामात विविधता हवी, ते सलग आणि ओळखू येण्याजोगे हवे, त्याचे महत्त्व जाणवायला हवे, स्वातंत्र्य हवे आणि काम कसे झाले हे कळायला हवे. या पाच गोष्टी मी स्वतः तपासयादी म्हणून वापरल्या आहेत आणि त्या उपयोगी पडतात. पण त्या एका माणसाच्या कामाकडे पाहतात. शेजारच्या माणसाला त्या पाचांत जागा नाही. अहमदाबादचे प्रकरण वाचल्यावर मी त्या यादीच्या आधी एक साधा प्रश्न ठेवू लागलो: या माणसाचे काम अडले तर तो ज्याच्याकडे जाईल, तो माणूस त्याचा किती-अष्टमांश आहे?

हा प्रश्न मला प्रत्यक्ष उपयोगी पडला तो इचलकरंजी परिसरातील एका विणकाम युनिटमध्ये काम करताना. तिथे आधुनिक माग होते, धोटाही नव्हता आणि कांडीही नव्हती, पण बीम संपल्यावर नवा बीम बांधणारी दोन माणसांची जोडी सगळ्या शेडला मिळून एकच होती. तिथले विणकर खडूने बीमच्या कडेवर लिहून ठेवत: ‘९.४० बंद’, ‘१०.१५ बंद’. नवख्या माणसाला ती कामाची नोंद वाटावी. ती खरे तर जोडीविरुद्धची फिर्याद होती, पाळी संपताना साहेबांना दाखवण्यासाठी ठेवलेली. जोडीतली माणसे त्या खडूकडे न बघता काम करत, आणि विणकरांशी जेवायला बसत नसत. व्यवस्थापनाने दोघांनाही बोलावून अनेकदा समजावले होते, एकदा जोडी बदलूनही पाहिली होती. नव्या जोडीच्या वाट्यालाही महिन्याभरात तोच खडू आला.

शेवटी आम्ही मागांचे दोन भाग केले, दोन विणकरांना बीम बांधायला शिकवून दुसरी जोडी तयार केली, आणि प्रत्येक जोडी आपल्या भागातल्या विणकरांबरोबर बसवली. कोणता बीम कधी संपेल हे ते पाळीच्या सुरुवातीला आपसांत बघून घेऊ लागले, आणि बीम चालू असताना बांधणारा विणकराचे तुटलेले धागेही सांधू लागला. तीन-चार महिन्यांनी एका रात्रपाळीत मी शेडमधून जात असताना एका बीमवर पुन्हा खडूची अक्षरे दिसली आणि काळजी वाटून मी वाकून वाचले. लिहिले होते: ‘डावीकडून हातभर आत, धागा सारखा जातो, बघून घ्या.’ सकाळच्या पाळीसाठी कोणीतरी लिहून ठेवले होते. अक्षर विणकराचे होते की बांधणाऱ्याचे, ते मला ओळखता आले नाही.